रिपोर्ट डिकीत, टोमणे स्वयंपाकघरात

पत्र (थोडं आखडून)

मॅडम, माझं वय ३३, बायकोचं २९. लग्नाला चार वर्षं झाली. कोल्हापूरजवळ एमआयडीसीत फाउंड्रीत भट्टीवर सुपरवायझर आहे, पाळ्या बदलत्या असतात. लग्नानंतर वर्षभराने, मूल होईना म्हणून, बायकोच्या तपासण्या सुरू झाल्या. तीन वेळा सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो, गेल्या वर्षी दुर्बिणीतून ऑपरेशन. सगळं नॉर्मल. या गणपतीत मला डेंग्यू झाला, चार दिवस ॲडमिट होतो. पुढे घटस्थापनेच्या सुमारास नवीन डॉक्टरांनी पहिल्यांदाच माझी, म्हणजे वीर्याची, तपासणी सांगितली. लॅबच्या बाथरूममध्ये जमेना, बाहेरून दोनदा कडी वाजवली. म्हणून घरून नमुना नेला. सुरुवातीला थोडा सांडला, आणि पोचायला सव्वा तास लागला. रिपोर्टमध्ये प्रमाण ०.८ मिलि, काउंट ७ मिलियन, हालचाल २२ टक्के, नॉर्मल आकार २ टक्के. खाली एवढा लांब शब्द लिहिलाय की वाचता येईना. नेटवर शोधला आणि रात्रभर झोप लागली नाही.

रिपोर्ट कुणाला दाखवला नाही. स्कूटरच्या डिकीत पीयूसीच्या कागदांत ठेवलाय. बायकोला सांगितलं, माझं ठीक आहे. एका वैद्याकडून तीन महिन्यांची पावडर आणली, १८ हजारांची. तो म्हणाला, धातू पातळ झालाय, पंधरा-पंधरा दिवस संयम पाळा, साठू द्या. जिममधला मित्र म्हणतो, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घे. पाळी संपवून आलो की डाव्या बाजूला खाली जड वाटतं, आडवा झालो की बरं वाटतं. ते बरीच वर्षं आहे. तंबाखू खातो, दारू क्वचित.

दिवाळीनंतर धाकट्या भावाच्या बायकोचं डोहाळजेवण झालं. आईने हिला ओटी भरू दिली नाही. ही आत पुऱ्या लाटत बसली आणि मी बाहेर मंडपवाल्याचा हिशेब करत होतो. मॅडम, मी पुरुष म्हणून संपलो का? काय करू ते सांगा. नाव छापू नका.

उत्तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा आकड्यांसाठी, एकदा पुऱ्यांसाठी. आकड्यांपासून सुरुवात करते, कारण ते तुम्हाला वाटतात तेवढे पक्के नाहीत.

शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात. त्यानंतर ते वृषणाला चिकटलेल्या वेटोळ्या नळीतून पुढे सरकतात, तिथे आणखी काही दिवस जातात. म्हणजे आज जे बाहेर पडतं त्याची सुरुवात अडीच-तीन महिन्यांपूर्वी झालेली असते. तुमच्या फाउंड्रीतून आज ट्रकमध्ये चढलेला माल काही आजच सकाळी ओतलेला नसतो, तसंच हे. गणपतीत तुम्हाला १०२-१०३ ताप असणार, डेंग्यूत असतोच. त्या तापात जे शुक्राणू घडत होते त्यांचा हिशेब नवरात्रात लागला. जोरदार ताप येऊन गेल्यावर पुढचे दोन-तीन महिने काउंट खाली जातो आणि मग आपोआप वर येतो. डेंग्यू, चिकनगुनिया, टायफॉइड, कोविड, कुठलाही मोठा ताप असो. त्यामुळे तुमची तपासणी नेमकी नको त्या वेळी झाली.

दुसरी गोष्ट तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात: सुरुवातीला थोडा सांडला. वीर्य बाहेर येताना सुरुवातीच्या भागात शुक्राणू सगळ्यात जास्त असतात, नंतरचा बराचसा भाग नुसता द्रव असतो. म्हणजे नेमका तोच भाग फरशीवर गेला आणि उरलेला लॅबमध्ये. प्रमाण ०.८ मिलि आलं त्याचं कारणही बहुधा तेच. लॅबवाल्याला हे तुम्ही सांगितलं नसणार, आणि त्यानेही विचारलं नसणार. चांगल्या लॅबच्या फॉर्मवर 'नमुना पूर्ण मिळाला का' असा रकाना असतो, तो याचसाठी.

तिसरं म्हणजे सव्वा तास. घरून आणलेला नमुना अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचायला हवा, आणि तोही अंगाच्या ऊबेत, शर्टाच्या आतल्या बाजूने धरून. उशीर झाला आणि गारठा लागला की शुक्राणू मंदावतात. म्हणून २२ टक्के हालचाल या आकड्यावर मी पैज लावणार नाही.

आता तो लांब शब्द. ओलिगो-अस्थेनो-टेराटो-झूस्पर्मिया असणार. फोड केली तर: ओलिगो म्हणजे संख्या कमी, अस्थेनो म्हणजे हालचाल मंद, टेराटो म्हणजे आकार बिघडलेले. बस. हे आजाराचं नाव नाही, वरच्या तीन आकड्यांचीच बेरीज ग्रीकमध्ये लिहिलीय. कारण काय, ते त्या शब्दात कुठेच नाही.

आणि 'नॉर्मल'ची रेघ कशी मारलीय तेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत खालच्या मर्यादा दिल्यात: प्रमाण १.४ मिलि, एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल ४२ टक्के, नॉर्मल आकार ४ टक्के. तुमचे ७ मिलियन म्हणजे मिलिलिटरला ७० लाख. पण या मर्यादा आल्या कुठून? ज्यांच्या बायका वर्षभराच्या आत गरोदर राहिल्या अशा पुरुषांची तपासणी केली आणि त्यांच्यातले सगळ्यात खालचे पाच टक्के जिथे संपतात तिथे रेघ ओढली. म्हणजे रेघेखाली असलेलेही बाप झालेलेच पुरुष होते. आणि त्या आकाराच्या आकड्याने तर घाबरूच नका. शंभरातले चारच नीट असले तरी रिपोर्टवर 'नॉर्मल' छापतात.

याचा अर्थ तुमचं सगळं आलबेल आहे असा नाही. एवढंच की या एका कागदावरून कुठलाच निकाल लागत नाही. नियमच आहे की बिघडलेला रिपोर्ट आला की काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा तपासायचं, कारण एकाच पुरुषाचे आकडे महिन्या-महिन्याला बरेच वर-खाली होतात. तुमच्या तापाला संक्रांतीच्या सुमारास चार महिने होतील. तेव्हा पुन्हा करा. आधी दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवा, मी तीन-चार दिवस सांगते. जिथे या कामासाठी वेगळी खोली आहे अशी लॅब शोधा, फोन करून विचारायला लाजू नका. बरीच ठिकाणी बायकोला सोबत घेऊ देतात. तरीही जमलं नाही तर या तपासणीसाठी मुद्दाम बनवलेला कंडोम मिळतो, तो मागा. मेडिकलमधला साधा कंडोम चालत नाही, तो शुक्राणूंना मारक असतो. आणि पुन्हा सांडलं तर तसं सांगा. लॅबवाला हसणार नाही, त्याच्याकडे दिवसाला असे किती तरी जण येतात.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलेलं वाक्य. उभं राहिल्यावर डाव्या बाजूला जडपणा, आडवं झाल्यावर आराम, तोही बरीच वर्षं. हे तुम्ही आजवर कुठल्या डॉक्टरला सांगितलंत? नवीन डॉक्टरांनी तुम्हाला नुसता लॅबचा कागद दिला की उभं करून, हात लावून तपासलंसुद्धा? मला वाटतं, कागदच दिला.

याला व्हेरिकोसील म्हणतात: वृषणातून रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगतात. कुणाकुणाच्या पायाच्या पोटऱ्यांवर शिरा फुगलेल्या पाहिल्या असतील, तेच इथे. हाताला पिशवीत शेवया भरल्यासारखं लागतं. बहुतेक वेळा डावीकडेच, कारण डावी शीर लांब असते आणि थेट डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, रक्त उलटं खाली साचतं. साचलेलं रक्त गरम, आणि वृषणांना तर अंगापेक्षा दोन ते चार अंश गारवा लागतो. म्हणूनच निसर्गाने ते शरीराबाहेर टांगलेत. एकूण पुरुषांपैकी साधारण १५ टक्क्यांना व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या पुष्कळांना मुलंही होतात. पण मूल होत नाही म्हणून तपासायला येणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण ३५ ते ४० टक्क्यांवर जातं. दुरुस्त करता येण्यासारखं याच्याइतकं नेहमीचं दुसरं कारण नाही.

म्हणून लॅबच्याही आधी युरॉलॉजिस्टकडे जा, त्यातही पुरुष वंध्यत्वाचं काम करणारा असेल तर उत्तम, त्याला अँड्रॉलॉजिस्ट म्हणतात. तो तुम्हाला उभं करेल, खोकायला लावेल, श्वास कोंडून जोर करायला लावेल आणि हाताने चाचपेल. पाच मिनिटांचं काम. वृषणांचा आकारही तेव्हाच कळतो. शंका राहिली तर डॉप्लर सोनोग्राफी, म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणारी. हाताला लागण्याइतकं व्हेरिकोसील असेल आणि दुसऱ्या रिपोर्टमध्येही आकडे कमी असतील, तर ऑपरेशनचा विचार करावा. मायक्रोस्कोपखाली केलेलं असावं, त्यात धमनी जपली जाते आणि वृषणाभोवती पाणी साचायचा धोका कमी होतो. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कारण पुन्हा तोच ७४ दिवसांचा हिशेब. बहुतेकांचे आकडे सुधारतात, सगळ्यांचे नाही. हे आधीच सांगून ठेवते.

डॉक्टर आणखी काही विचारतील, त्याची उत्तरं तयार ठेवा. वयात आल्यावर गालगुंड झाले होते का? लहानपणी हर्नियाचं ऑपरेशन? जन्मतः एखादं वृषण खाली उतरलेलं नव्हतं का? (हे फक्त तुमच्या आईलाच आठवेल. विचारावं लागेल.) मधुमेह आहे का, कसली औषधं चालू आहेत का? काउंट मिलिलिटरला १ कोटीच्या खाली असेल तर रक्तातलं एफएसएच (मेंदूकडून वृषणांना हुकूम नेणारं हार्मोन) आणि टेस्टोस्टेरॉन तपासतात. त्याहून बराच कमी असेल तर गुणसूत्रांची तपासणी. एफएसएच खूप वाढलेलं असेल तर वृषणांचीच ताकद कमी पडतेय असं समजायचं. एफएसएच ठीक, वृषणांचा आकार ठीक आणि तरी वीर्यात शुक्राणू शून्य, तर वाटेत कुठेतरी अडथळा असावा. शून्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती तुमची नाही. पण हे वाचणाऱ्या कुणाच्या हातात तसा रिपोर्ट असेल तर त्याने एवढं लक्षात ठेवावं: शून्य म्हणजेही दरवेळी दार बंद असं नसतं, वृषणातून सुईने किंवा मायक्रोस्कोपखाली शोधून शुक्राणू काढता येतात. मात्र आधी शून्याचं कारण शोधायचं.

भट्टीचं काय? उष्णतेचा परिणाम होतो यात शंका नाही, किती होतो ते माणसागणिक बदलतं. नोकरी सोडा असं मी सांगणार नाही. भट्टीच्या तोंडाशी उभं राहण्याची वेळ कमी करता येईल का, काही महिने मोल्डिंग किंवा डिस्पॅचच्या बाजूला बदली मिळेल का, ते बघा. पाळी संपली की गरम पाण्याने नको, कोमट पाण्याने अंघोळ. आतले कपडे सैल आणि सुती. तंबाखू सोडा, त्यावर परिच्छेद लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

कामाच्या जागेवरून एक गोष्ट आठवली. कॅलिफोर्नियात लॅथ्रॉप नावाच्या गावात कीटकनाशकं बनवणारा एक कारखाना होता. १९७७ साली तिथल्या कामगारांच्याच आपसातल्या बोलण्यातून निघालं की आपल्यापैकी बऱ्याच जणांना पोरंच होत नाहीयेत. तपासण्या केल्या तर एकामागून एक काउंट शून्य किंवा शून्याच्या जवळ. कारण निघालं डीबीसीपी नावाचं रसायन. कंपनीच्या डॉक्टरांनी नाही, सरकारी तपासनिसांनी नाही, डबे उघडून जेवायला बसणाऱ्या गड्यांनी ते शोधून काढलं, केवळ ते एकमेकांशी बोलले म्हणून. तुमच्या भट्टीवर गेली दहा वर्षं काम करणाऱ्यांपैकी कुणाला हा त्रास आहे, हे तुम्हाला माहीत आहे? नसणार. चहाच्या टपरीवर सगळं बोलतो आपण, एवढं सोडून.

आता पावडर. धातू पातळ झालाय हे वैद्याने कशावरून ठरवलं? डोळ्यांनी बघून शुक्राणूंचा अंदाज कुणालाच येत नाही. वीर्यात शुक्राणूंचा भाग जेमतेम काही टक्के असतो, बाकी सगळा द्रव वीर्यकोश आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. ज्याने नसबंदी करून घेतलीय त्याचं वीर्यही दिसायला अगदी पूर्वीसारखंच असतं. घट्ट-पातळ, पांढरं-पिवळट यावरून काउंट सांगणारा माणूस तुमच्या खिशाचं वजन बघून बोलतोय. आणि 'साठू द्या' हा सल्ला तर सरळ नुकसानीचा. पंधरा दिवस साठवल्याने संख्या थोडी वाढते, पण त्यात मेलेले आणि मंदावलेलेच जास्त. शिवाय स्त्रीबीज बाहेर पडल्यावर ते दिवसभरच टिकतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात, म्हणून त्याच्या आधीचे पाच-सहा दिवसच कामाचे असतात. तुमच्या बदलत्या पाळ्या आणि हा पंधरा दिवसांचा संयम एकत्र धरला, तर काही महिने ते दिवस कोरडेच गेले असतील. एक दिवसाआड किंवा दोन दिवसांआड एकत्र या. कॅलेंडरवर खुणा करून, ठरवून, घड्याळ लावून नको. त्याने भलतंच ओझं येतं आणि ऐन वेळी काहीच होत नाही.

झिंक-फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांबद्दलही बरेच जण विचारतात. अमेरिकेत मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या जोडप्यांमधल्या २,३७० पुरुषांवर याची नीट चाचणी झाली, निकाल २०२० साली आला. सहा महिने या गोळ्या घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्यात मूल होण्याच्या बाबतीत फरक पडला नाही. मेडिकलवाला देईल, तुम्ही घ्याल, फार बिघडणार नाही. पण तेवढ्यावर सहा महिने घालवू नका.

मित्राच्या इंजेक्शनांना मात्र हात लावू नका. हे मी मोठ्याने सांगतेय असं समजा. टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषत्वाचं हार्मोन, ते घेतलं की काउंट वाढणार, असं सगळ्यांनाच वाटतं. घडतं उलटं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, आता भरपूर आहे, वृषणांना हुकूम सोडायची गरज नाही. हुकूम थांबतो. वृषणांच्या आत शुक्राणू घडायला जेवढं टेस्टोस्टेरॉन लागतं ते रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं, आणि ते तिथेच तयार व्हावं लागतं. तेच बंद पडतं आणि शुक्राणूंचं उत्पादन थांबतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने १९९०च्या सुमारास हीच इंजेक्शनं पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिली होती. म्हणजे बाप व्हायचं म्हणून तुमचा मित्र तुम्हाला कुटुंबनियोजनाचं औषध सुचवतोय. लग्नात शर्ट नीट दिसावा म्हणून जिमवाल्याच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेली पोरं आता तीन वर्षांनी माझ्याकडे येतात, काउंट शून्य. बहुतेकांचा परत येतो, पण सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. मित्र तुमचा आहे, त्याचंच लग्न ठरत असेल तर त्यालाही हे दाखवा.

समजा दुसरा रिपोर्टही कमी आला, व्हेरिकोसील नाही किंवा ऑपरेशन करूनही फरक पडला नाही. मग काय? हालचाल करणारे शुक्राणू पुरेसे असतील तर आययूआय: वीर्य धुऊन, त्यातले चपळ शुक्राणू वेचून नेमक्या दिवशी गर्भाशयात सोडतात. काउंट फारच कमी असेल तर इक्सी. त्यात एकेका स्त्रीबीजात एकच शुक्राणू बारीक सुईने सोडतात. १९९२ साली ब्रुसेल्समध्ये ही पद्धत यशस्वी झाली आणि ज्यांना आधी 'दत्तक घ्या' म्हणून परत पाठवायचे त्या पुरुषांनाही स्वतःची मुलं होऊ लागली. आपल्याकडे मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली ती ६ ऑगस्ट १९८६ रोजी. तेव्हा अप्रूप होतं, आता जिल्ह्या-जिल्ह्यात सेंटर आहेत, एस.टी. स्टँडबाहेर त्यांचे फ्लेक्स आहेत. २०२१च्या कायद्याप्रमाणे सेंटरची नोंदणी सक्तीची आहे, नोंदणी क्रमांक विचारा. कुठल्याही टप्प्यावर दात्याच्या शुक्राणूंची गोष्ट निघाली तर तुम्हा दोघांची लेखी संमती लागते, हेही ध्यानात ठेवा.

पण इथे माझं स्वतःचं एक मत आहे, काही डॉक्टरांना पटणार नाही. तुमच्यासारख्याचा एक बिघडलेला रिपोर्ट बघून सरळ 'इक्सी करून टाकू' असं कुणी म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. खर्च एका फेरीला लाख-दीड लाखाच्या पुढे जातो, तो भाग वेगळाच. इक्सीत तुमचं काम डबीत नमुना देण्याइतकं. दहा-बारा दिवस पोटात रोज इंजेक्शनं, सोनोग्राफीच्या खेपा, भूल देऊन स्त्रीबीजं काढणं, हे सगळं तिच्या अंगावर. दोष तुमच्या शिरेत आणि सुया तिच्या पोटात. बायको २९ची आहे, हातात थोडा वेळ आहे. आधी तुमच्यात जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते करा. ती ३५च्या पुढे असती तर मी एवढं थांबायला सांगितलं नसतं.

हे म्हणायचा मला हक्क आहे की नाही, कोण जाणे. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, २६ वर्षं प्रॅक्टिस करते. सुरुवातीला मीही तेच केलं जे तुमच्या बायकोच्या डॉक्टरांनी केलं. एक बाई सासूबरोबर यायची. मी तिला सहा महिने स्त्रीबीज वाढवायच्या गोळ्या दिल्या. नवऱ्याला आणा म्हटलं की सासू म्हणायची, त्याला काय धाड भरलीय, चांगला गडी आहे. मी पुढे बोलले नाही. शेवटी तो आला, बरोबर रिपोर्ट शून्याचा. सहा महिने मी त्या मुलीला ज्या गोळ्या खायला घातल्या त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, आणि एक काही शे रुपयांची तपासणी मी आधी मागितली नव्हती. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: पहिल्या महिन्यात नवऱ्याचा रिपोर्ट, दुर्बीण त्यानंतर. मूल न होण्यात निम्म्या जोडप्यांत पुरुषाचा काही ना काही वाटा असतो, आणि तपासणी सगळ्यात सोपी पुरुषाची. तरीही आधी टेबलावर बाई चढते.

'पुरुष म्हणून संपलो का' असं विचारलंत. मूल नसलेल्या बाईसाठी आपल्या भाषेत शब्द तयार आहेत: वांझ, वांझोटी. पुरुषासाठी त्या अर्थाचा रोजच्या बोलण्यातला शब्दच नाही. जे आहेत, नामर्द, षंढ, ते सगळे पलंगावरच्या जोराबद्दलचे. म्हणून काउंट कमी आला की माणसाला वाटतं तो आपल्या मर्दपणाचा रिपोर्ट आहे. ताठरता, इच्छा, दाढी, आवाज यांचा काउंटशी थेट संबंध नाही. तुमच्या संबंधांत अडचण आहे असं तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे तुमची शंका शिरेची आहे, मर्दपणाची नाही. डोळ्यांना चष्मा लागला तर कुणी पुरुष म्हणून संपत नाही.

त्या दिवशी अंगणात मात्र तुम्ही कमी पडलात, हे मी गोड करून सांगणार नाही. तुम्हाला माहीत होतं. मूल न होण्याचं कारण तुमच्यात असू शकतं हे आत बसलेल्या तिला माहीत नव्हतं आणि तुम्हाला होतं, आणि तुम्ही मंडपवाल्याचा हिशेब करत होतात. तिने तीन वेळा सोनोग्राफी, नळ्यांचा फोटो आणि भूल घेऊन ऑपरेशन केलं ते स्वतःत दोष आहे असं समजून. 'माझं ठीक आहे' या तुमच्या तीन शब्दांनी ते तिच्याकडेच राहिलं.

तिला आधी सांगा, आईला नंतर. घरात नको, भिंती पातळ असतात. कामाची पाळी नसेल त्या संध्याकाळी रंकाळ्यावर जा, डिकी उघडा आणि कागद तिच्या हातात द्या. काय बोलायचं याची तयारी करू नका. सुरुवात 'मी तुला खोटं सांगितलं' एवढ्यानेही होईल. ती रागावेल. काउंटवर नाही रागावणार, या महिन्यांवर रागावेल, आणि तो राग तुम्ही ऐकून घ्यायचा आहे. दुसऱ्या तपासणीचा निकाल येऊ दे मग सांगू, असं मनात येत असेल तर ते काढून टाका. आकडे चांगले आले तर तुम्ही कधीच सांगणार नाही, तुम्हालाही माहीत आहे.

आईला किती सांगायचं ते दोघांनी ठरवा. आकडे सांगायची गरज नाही. 'तपासणी माझी चालू आहे, हिची सगळी नॉर्मल आलीय' एवढं वाक्य पुरतं, पण ते तुमच्या तोंडून आणि हिच्यासमोर यायला हवं. संक्रांतीचं हळदीकुंकू येतंय. त्याच्या आत बोला.

आणि पावडर आजपासून बंद, पण डबा फेकू नका. युरॉलॉजिस्टकडे जाताना बरोबर न्या, पुडीवर काही लिहिलेलं असेल नसेल, त्यांना दाखवा.